प्लग कुठे आहे?

आमच्या इमारतीतले एक काका बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांनी हायब्रीड गाडी बुक केली. गाडी यायच्या आधीच सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज गेला: पार्किंगमधल्या खांबावर माझ्या मीटरवरून १५ अँपिअरचा पॉइंट काढायला परवानगी मिळावी. त्यावर दोन मीटिंगा झाल्या. केबल कुठून न्यायची, शॉर्टसर्किट झालं तर जबाबदार कोण, उद्या सगळ्यांनीच मागितलं तर काय, असं सगळं चघळून झाल्यावर ठराव पास झाला. वायरमन आला, पॉइंट बसला, एमसीबीची छोटी पेटीसुद्धा लागली. मग गाडी आली. हार, पेढे, चाकाखाली लिंबू. आणि संध्याकाळी काका टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरत मला म्हणाले, "अहो, जरा बघता का? मघापासून शोधतोय, याला प्लग लावायचा कुठे तेच सापडत नाहीये."

सापडणार नव्हतंच. काकांनी घेतलेली हायब्रीड बाहेरून वीज घेतच नाही.

काकांना हसण्यात अर्थ नाही. "हायब्रीड घेऊ की इलेक्ट्रिक?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीपासून दवाखान्याच्या बाकड्यापर्यंत सगळीकडे विचारला गेलाय, आणि विचारणाऱ्याच्या मनातली हायब्रीड बहुतेक वेळा शोरूममधल्या हायब्रीडपेक्षा वेगळी असते. परदेशातल्या बातम्यांत जिची चर्चा चालते ती प्लग-इन हायब्रीड. आपल्याकडे परवडणाऱ्या किमतीत मिळते ती बिनप्लगची. म्हणून आधी हा शब्दच सोलून घेऊ.

१. विहीर, नळ आणि टाकी

गावाकडचं एक घर डोळ्यांसमोर आणा. परसात विहीर आहे. काही घरांना ग्रामपंचायतीचा नळही आहे. पाणी साठवायला कुणाकडे पिंप, कुणाकडे सिमेंटची टाकी. आपल्या हिशेबात विहीर म्हणजे पेट्रोल, नळ म्हणजे घरची वीज आणि टाकी म्हणजे बॅटरी.

साध्या पेट्रोल गाडीकडे फक्त विहीर. लागेल तेवढं शेंदायचं, वापरायचं.

'माइल्ड' हायब्रीडकडेही विहीरच, फक्त शेंदताना रहाटाला कुणीतरी जरासा हात लावतं. मारुतीच्या गाड्यांवर 'स्मार्ट हायब्रीड' असं लिहिलेलं असायचं ते हेच. छोटी मोटर इंजिनाला क्षणभर मदत करते, पण नुसत्या विजेवर गाडी जागची हलत नाही.

'स्ट्राँग' हायब्रीडकडे विहिरीबरोबर एक पिंप आहे. टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटीची हायब्रीड, या सगळ्या या जातीच्या. काकांचीही. या पिंपात पाणी येतं ते पागोळ्यांचं. ब्रेक दाबला की साध्या गाडीत चाकांची सगळी गती डिस्क तापवण्यात वाया जाते. इथे तीच चाकं मोटरला उलटी फिरवतात आणि मोटर सायकलच्या डायनॅमोसारखी वीज तयार करते. ती पिंपात पडते आणि पुढच्या सिग्नलला गाडी हलवायला उपयोगी येते. उरलेली वीज इंजिन चालता चालता भरतं. १९९७ साली जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसनं ही युक्ती घराघरांत नेली. पण हिशेब नीट पाहा: पागोळ्या असोत की पिंप, मूळ पाणी सगळं विहिरीचंच. गाडीत गेलेली सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोल पंपावरच विकत घेतलेली असते.

प्लग-इन हायब्रीडमध्ये पिंपाच्या जागी बऱ्यापैकी टाकी येते आणि तिला नळ जोडला जातो. विहीर तशीच राहते. रात्री नळानं टाकी भरा, दिवसभर ती वापरा, संपली तर विहीर आहेच.

पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत विहीर बुजवलेली असते. फक्त नळ आणि मोठी टाकी.

२. युनिट: टाकी किती मोठी, धार किती जाड

पुढचं सगळं समजायला एकच माप पुरतं आणि ते तुमच्या वीजबिलावर दर महिन्याला छापून येतं: युनिट. १००० वॉटचा गिझर तासभर चालला की एक युनिट. कंपन्या यालाच किलोवॅट-तास म्हणतात. बॅटरी ४५ किलोवॅट-तासाची आहे असं सेल्समन सांगतो तेव्हा टाकीत ४५ युनिटं मावतात, एवढंच समजायचं.

नुसता किलोवॅट म्हणजे नळाची धार. घरातल्या १५ अँपिअरच्या पॉइंटमधून साधारण ३.३ किलोवॅटची धार येते, म्हणजे तासाला सव्वातीन युनिटं. भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर त्याच्या दुप्पट. हायवेवरचे फास्ट चार्जर ३०, ६०, १२० किलोवॅटचे असतात. ते म्हणजे नळ सोडून थेट टँकरचा पाइप.

आता टाक्या. प्लग-इन हायब्रीडची टाकी साधारण १० ते २० युनिटांची, तिच्यावर ४० ते ८० किलोमीटर. इलेक्ट्रिक गाडीची टाकी आपल्याकडे टाटा टियागोसारख्या छोट्या गाडीत १९ युनिटांची, तर महिंद्रा एक्सईव्ही ९ईसारख्या मोठ्या गाडीत ७९ युनिटांपर्यंत. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी शहरात एका युनिटला ७ किलोमीटरच्या आसपास जाते. हायवेवर ते सहावर येतं, कारण ७० चा वेग १०० केला की हवेचा विरोध दुप्पट होतो. पेट्रोल गाडी गिअरबॉक्सच्या जोरावर हायवेला जास्त ॲव्हरेज देते, विजेवरची गाडी उलट वागते. पहिल्यांदा चालवणाऱ्याला हे पचायला वेळ लागतो.

कंपनीच्या आकड्यावर विसंबू नका. २०२० च्या जानेवारीत पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली नेक्सॉन ईव्ही बाजारात आली तेव्हा ३०.२ युनिटांच्या बॅटरीवर ३१२ किलोमीटर असा प्रमाणित आकडा होता. प्रत्यक्षात लोकांना दोनशेच्या आसपास मिळत असे. ही फसवणूक नव्हे. तो आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा असतो आणि रोलरवर ना चढ असतो, ना वारा, ना मागच्या सीटवर बसून एसी वाढवायला सांगणारे सासरे.

एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटांइतकी ऊर्जा असते. लिटरला १८ किलोमीटर जाणारी गाडी म्हणजे दर किलोमीटरला अर्धं युनिट खर्च. तेवढ्याच अंतराला इलेक्ट्रिक गाडीला सातवा हिस्सा युनिट पुरतं. इंजिन आपल्या पेट्रोलमधली जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवतं, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. मोटर मात्र मिळालेल्या विजेतली ९० टक्क्यांच्या घरात वापरते. (चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळताना बरीच उष्णता वाया जातेच, ती या हिशेबात नाही. पण तुमच्या खिशाच्या हिशेबात युनिट घरी आल्यापासूनच मोजायचं.)

३. साठ किलोमीटर संपल्यावर

प्लग-इन हायब्रीड चालवायला कशी लागते? सकाळी बॅटरी भरलेली असली तर थेट इलेक्ट्रिक गाडीसारखी. आवाज नाही, गिअरचे झटके नाहीत. टाकी रिकामी होत आली की गाडी स्वतःच इंजिन सुरू करते आणि तिथून पुढे स्ट्राँग हायब्रीडसारखी वागते: थोडं इंजिन, थोडी मोटर. फरक एवढाच, की आता ती रिकामी झालेली बॅटरी आणि चार्जर अंगावर वागवत चालली आहे. दीडदोनशे किलोचं ते ओझं म्हणजे दोन-तीन पाहुणे कायमचे गाडीत.

बॅटरी भरलेली असतानाही इंजिन कधीकधी मध्येच जागं होतं. ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबला, किंवा थंड देशात काच गरम करायची झाली, की अनेक मॉडेलांत नुसती वीज पुरत नाही. बहुतेक गाड्यांत 'बॅटरी राखून ठेव' असं एक बटण असतं. हायवेवर पेट्रोल वापरायचं आणि वाचवलेली वीज शहरातल्या गर्दीत काढायची. बटण उपयोगाचं आहे, पण मालकाला ते आठवलं पाहिजे.

याउलट अडचणही होते, आणि ती मला फार आवडते. एखादा मालक इतक्या निगुतीनं रोज चार्ज करतो की इंजिन चालतच नाही. मग टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत आलेल्या शेव्हरले व्होल्टमध्ये याची सोय केलेली होती: सहा आठवडे इंजिन फिरलंच नाही तर गाडी ते काही मिनिटं आपणहून चालवायची, आणि टाकीतल्या पेट्रोलचं सरासरी वय वर्षाच्या पुढे गेलं तर ते जाळून संपवायला घ्यायची. अंगणातली न वापरलेली विहीर उपसावी लागते, तसंच हे.

व्होल्टच्या दोन वर्षं आधी, २००८ च्या डिसेंबरात, चीनच्या बीवायडीनं एफ३डीएम नावाची प्लग-इन हायब्रीड विकायला काढली होती. आणि दोन्ही ऊर्जा एका गाडीत बसवायची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. फर्डिनांड पोर्शनं १९०० च्या सुमारास व्हिएन्नात लोनर कंपनीसाठी पेट्रोलवर जनरेटर आणि चाकांत विजेच्या मोटरी अशी गाडी बनवली होती. इंजिन चाकांना जोडायचंच नाही, फक्त वीज बनवायला ठेवायचं, हीच युक्ती आज चीनमध्ये 'रेंज एक्स्टेंडर' या नावानं जोरात खपते.

४. कोथरूड ते हिंजवडी, आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर

माझी भाची कोथरूडला राहते, नोकरी हिंजवडीत. जाऊन-येऊन ३६ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ९०० किलोमीटर. माहेर कोल्हापूर, महिन्यातून एकदा जाऊन-येऊन ४७०. एकूण १,३७०. दर सोपे धरू: पेट्रोल १०५ रुपये लिटर, घरची वीज १२ रुपये युनिट, हायवेवरचा चार्जर २२ रुपये युनिट. तुमच्याकडचे दर वेगळे असतील, ते घालून हाच हिशेब पुन्हा करा.

प्लग-इन हायब्रीड बहुतेक वेळा जड एसयूव्ही असते, म्हणून विजेवर युनिटला ५ आणि पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर धरू. टाकी १२ युनिटांची, म्हणजे ६० किलोमीटर. ऑफिसचे ९०० किलोमीटर सगळे विजेवर: १८० युनिटं, २,१६० रुपये. कोल्हापूरच्या वारीत पहिले ६० विजेवर (१४४ रुपये), उरलेले ४१० पेट्रोलवर, साधारण २,८७०. महिन्याला सुमारे ५,१७५ रुपये.

इलेक्ट्रिक गाडी: ऑफिसला युनिटला ७ प्रमाणे १२९ युनिटं, साडेपंधराशे रुपये. कोल्हापूरला युनिटला ६ प्रमाणे ७८ युनिटं. त्यातली ४० घरून भरून नेलेली, ३८ वाटेत घेतलेली. त्याचे सुमारे १,३१५. एकूण २,८६० च्या आसपास.

बिनप्लगची स्ट्राँग हायब्रीड लिटरला २२ देईल असं धरलं तर ६,५४० रुपये.

आणि प्लग-इन हायब्रीड घेऊन ती कधी चार्जच केली नाही तर? १,३७० भागिले १५. सव्वाएक्याण्णव लिटर. ९,५९० रुपये. म्हणजे काकांच्या बिनप्लगच्या गाडीपेक्षा महाग, आणि गाडीची किंमत तर आधीच दोन्ही यंत्रणांची मोजलेली. चार्जिंगमध्ये वाया जाणारी दहाएक टक्के वीज मी सोडून दिली आहे. ती धरली तरी चित्र बदलत नाही.

पैशांत इलेक्ट्रिक जिंकली, पण कोल्हापूरच्या वाटेवर तिची परीक्षा असते. ४५ युनिटांतली शेवटची दहा टक्के न वापरता ४० युनिटं धरली, तर सहाच्या हिशेबानं २४० किलोमीटर. पुणे-कोल्हापूर २३५. पोहोचेल, पण घामाघूम होऊन. शहाणा माणूस कराडला थांबतो. ६० किलोवॅटचा चार्जर असेल तर २० टक्क्यांवरून ८० वर जायला, म्हणजे २७ युनिटांना, ३५ ते ४० मिनिटं. पूर्ण साठची धार सतत मिळत नाही आणि ८० नंतर ती बारीक होते. तेवढ्यात मिसळ आणि चहा होतो.

होतो, जर चार्जर चालू असेल तर. मागच्या पावसाळ्यात मी याच वाटेनं इलेक्ट्रिक गाडीतून परत येताना एका हॉटेलच्या आवारात वळलो. ॲपवर चार्जर हिरवा दिसत होता. प्रत्यक्षात स्क्रीन काळी, गन खुंटीला टांगलेली, आणि वॉचमन म्हणाला, "दोन दिवस झाले साहेब, लाइट आली की चालू होतंय म्हणाले." २१ टक्के उरले होते. पुढचा चार्जर २८ किलोमीटरवर, तिथे आधीच एक गाडी लागलेली. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि ट्रकच्या मागे सत्तरनं चालवत गेलो. ११ टक्क्यांवर पोहोचलो. मग ४० मिनिटं समोरच्या गाडीची वाट पाहिली. त्या गाडीचा मालक झोपला होता. पेट्रोलचं इंजिन सोबत असतं तर त्या रात्री मी सरळ घरी गेलो असतो, हे कबूल करायला हवं.

५. प्लास्टिकच्या पिशवीतली केबल

मग प्लग-इन हायब्रीडच सगळ्यांत शहाणी नाही का? रोज वीज, लांबच्या प्रवासाला पेट्रोल, चिंता नाही. कागदावर अगदी बरोबर आहे.

युरोपनं हे कागदावरून उतरवून पाहिलं. तिथे २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये इंधनाची नोंद ठेवणारं यंत्र बसवलेलं असतं. त्या नोंदींवरून मार्च २०२४ मध्ये युरोपियन कमिशननं अहवाल काढला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या रस्त्यावर प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त इंधन जाळत होत्या, म्हणजे आपल्या रोजच्या अनुभवासारखंच. प्लग-इन हायब्रीड मात्र सरासरी साडेतीन पट धूर सोडत होत्या. कारण गाडीत नव्हतं. प्रमाणपत्र देताना मालक जितकं चार्ज करेल असं धरलं होतं, तितकं तो करत नव्हता.

यातले पुष्कळ मालक खरे मालक नसतात, हे लक्षात घेतलं की उलगडा होतो. युरोपात कंपनीच्या गाडीवर कर सवलत मिळते म्हणून प्लग-इन हायब्रीड घेतली जाते. पेट्रोलचं कार्ड कंपनी देते, घरच्या विजेचं बिल मात्र स्वतः भरायचं. कोण केबल काढणार? २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये बातम्या आल्या, की वापरून परत आलेल्या काही गाड्यांमधल्या चार्जिंगच्या केबली डिकीत मूळच्या प्लास्टिकच्या पिशवीतच होत्या. त्याच वर्षी तिथल्या सरकारनं प्लग-इन हायब्रीडवरचं अनुदान बंद केलं.

प्लग-इन हायब्रीड आणि इलेक्ट्रिक या दोन गाड्यांत मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा फरक, आणि तो माहितीपत्रकात छापलेला नसतो. इलेक्ट्रिक गाडी चार्ज केली नाही तर सकाळी निघत नाही, म्हणून आठवडाभरात सवय लागते. मोबाइल लावतो तशी गाडी लावली जाते. प्लग-इन हायब्रीड काहीच बोलत नाही. पाऊस आहे, कंटाळा आलाय, केबल ओली आहे, राहू दे उद्या. गाडी उद्याही निघतेच.

सवय असलेल्याकडे हीच गाडी सोन्यासारखी चालते. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाकडे टोयोटाची राव-४ प्राइम आहे. बॅटरी १८ युनिटांची, विजेवर ६८ किलोमीटर. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, त्यामुळे गॅरेजमधल्या साध्या सॉकेटमधून धार जेमतेम दीड किलोवॅटची. बारा तास लागतात. त्याला चालतं. संध्याकाळी सहाला लावायची, सकाळी सहाला काढायची. वेगळा चार्जर बसवावा लागला नाही. पेट्रोल तो दोन-अडीच महिन्यांतून एकदा भरतो आणि दरवेळी, कुठलं बटण दाबल्यावर टाकीचं झाकण उघडतं, ते त्याला शोधावं लागतं.

६. घाटात

महाराष्ट्रात गाडी घ्यायची तर घाटाबद्दल बोललं पाहिजे. खोपोली ते लोणावळा उंचीतला फरक साधारण साडेपाचशे मीटर. माणसांसकट १,७०० किलोची गाडी तेवढी वर उचलायला अडीच युनिटं लागतात, वर थोडी वाया जाते. म्हणजे सपाटीवर १५-१८ किलोमीटर गेले असते तेवढी वीज निव्वळ चढण्यात. घाट चढताना टक्के भराभरा उतरताना पाहून नवे मालक घाबरतात. घाबरू नका, परतीला उतरताना त्यातलं दीडएक युनिट पागोळ्यांसारखं परत टाकीत येतं.

पण टाकीत जागा हवी. लोणावळ्यात रात्री हॉटेलवर १०० टक्के चार्ज करून सकाळी मुंबईकडे उतरलात तर पागोळ्यांचं पाणी ओसंडून जाणार: मोटरचा ब्रेक लागत नाही किंवा फार कमी लागतो, सगळा भार साध्या ब्रेकवर. रोज मोटरच्या ब्रेकची सवय झालेल्या पायाला गाडी अचानक मोकळी सुटल्यासारखी वाटते. ८५-९० टक्क्यांवर काढा.

प्लग-इन हायब्रीडची घाटातली अडचण उलटी. पनवेलपर्यंतच विजेवर टाकी रिकामी केली, तर चढाला मोटरची साथ क्षीण होते आणि इंजिन एकटंच सगळं ओझं ओढतं, कर्कश आवाज करत. व्होल्वोच्या एक्ससी ९० टी-८ सारख्या गाडीत पुढची चाकं इंजिनावर आणि मागची फक्त मोटरवर असतात, दोन्हींच्या मध्ये दांडाच नाही. अशा गाडीत चढासाठी थोडी वीज राखणं आणखीच बरं. ते 'राखून ठेव' बटण इथे दाबायचं असतं.

७. दोन संसार

देखभालीत इलेक्ट्रिक सरळ पुढे आहे. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, बेल्ट, क्लच, सायलेन्सर, यातलं काही नाही. टायर मात्र जरा लवकर झिजतात, कारण वजन जास्त आणि पिकअप दांडगा. ब्रेकच्या डिस्क इतक्या कमी वापरल्या जातात की पावसाळ्यात त्यांवर गंज चढतो. आणि एक गंमत: एवढे सेल पोटात असलेली ही गाडीसुद्धा दरवाजे, दिवे आणि कॉम्प्युटरसाठी साध्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर अवलंबून असते. ती मेली तर मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी ढिम्म.

प्लग-इन हायब्रीडमध्ये हे सगळं आहे आणि वरती इंजिनाचा संसारही. दोन संसारांचा खर्च कमी असतो असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

बॅटरीच्या आयुष्याचा प्रश्न लोक इलेक्ट्रिक गाडीबद्दल विचारतात. विचारायला हवा तो प्लग-इनबद्दल. बॅटरी वर्षांबरोबरच भरण्या-रिकामी होण्याच्या फेऱ्यांनीही थकते. तुलनेपुरत्या १,००० फेऱ्या धरू. ६० किलोमीटरची छोटी टाकी हजार वेळा भरली तर ६०,००० किलोमीटर. २८० किलोमीटरची मोठी टाकी हजार वेळा भरली तर २,८०,०००. छोटी टाकी जवळजवळ रोज पूर्ण रिकामी होते, मोठी आठवड्यातून एक-दोनदा. म्हणून प्लग-इनमध्ये बॅटरीचा वरचा-खालचा बराच भाग कंपन्या राखीव ठेवतात आणि वापरू देत नाहीत: व्होल्टच्या १६ युनिटांपैकी मालकाच्या वाट्याला दहाच्या आसपासच यायची. सेकंड हँड घेताना हा मुद्दा डोक्यात असू द्या. आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी बॅटरीची वॉरंटी पुष्कळ ठिकाणी मिळते. कागद नीट वाचा.

८. आपल्याकडे मिळतं काय

इथे प्रश्न एकदम सोपा होतो, कारण निवड फारशी नाही. भारतात आलेल्या प्लग-इन हायब्रीड बहुतेक सगळ्या श्रीमंतांच्या: व्होल्वोची एक्ससी ९०, रेंज रोव्हर, २०२२ च्या डिसेंबरात अडीच कोटींच्या पुढे किंमत घेऊन आलेली बीएमडब्ल्यू एक्सएम. हिंजवडीला जाणाऱ्या भाचीला त्यातली एकही कामाची नाही.

यामागे करही आहे. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. सप्टेंबर २०२५ मधल्या फेरबदलानंतर चार मीटरहून लांब किंवा मोठ्या इंजिनाच्या हायब्रीडवर ४० टक्के, मग तिला प्लग असो वा नसो. आरटीओच्या लेखी हिरव्या नंबर प्लेटचा मान फक्त बॅटरीवरच चालणाऱ्या गाडीला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे, तीही इलेक्ट्रिक गाड्यांना. चीनमध्ये प्लग-इन ही मध्यमवर्गीयाची गाडी झाली ती तिथल्या कंपन्यांनी ती पेट्रोल गाडीच्या किमतीत आणून ठेवली म्हणून. आपल्याकडे तसं कुणी केलं, तर वरचा सगळा हिशेब भाचीला पुन्हा मांडावा लागेल.

तोपर्यंत माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिला प्रश्न रेंजचा विचारतच नाही. विचारतो, "रात्री गाडी कुठे उभी असते?" स्वतःच्या आवारात किंवा सोसायटीतल्या ठरलेल्या जागी उभी असेल आणि तिथे १५ अँपिअरचा पॉइंट येऊ शकत असेल, तर रात्रीच्या दहा तासांत ३३ युनिटं मिळतात, म्हणजे २०० किलोमीटरच्या वर. पुण्या-मुंबईत रोज एवढी गाडी ट्रॅव्हल्सवाल्याशिवाय कुणाची चालत नाही. अशा माणसानं इलेक्ट्रिक घ्यावी. गाडी रस्त्यावर, जिथे जागा मिळेल तिथे लागत असेल, तर इलेक्ट्रिक त्रास देईल आणि प्लग-इनचा प्लग शोभेचा ठरेल. त्यानं बिनप्लगची हायब्रीड किंवा साधी पेट्रोल घ्यावी. आणि घरी पॉइंट आहे, पण आठवड्याआड गडचिरोलीच्या आडवाटेला किंवा कोकणातल्या एखाद्या टोकाला जावं लागतं, खिशात पैसेही आहेत, अशा माणसासाठी प्लग-इन हायब्रीड बनली आहे. मला असा माणूस आतापर्यंत एकच भेटला. तो डॉक्टर होता, आणि त्यानं शेवटी डिझेल घेतली.

काका त्यांच्या बिनप्लगच्या हायब्रीडवर खूश आहेत. लिटरला किती पडलं ते दर रविवारी वहीत लिहितात आणि मला दाखवतात. खांबावरचा पॉइंट वर्षभर तसाच होता, पेटीवर धूळ साचलेली. दिवाळीत सुनेनं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. आता रोज रात्री दहाच्या सुमारास काका स्वतः खाली उतरतात, प्लग लावतात आणि दिवा लागला की नाही ते वाकून बघतात.